नऊ मुलांचा तारा

आर्लीन वोडिच्का मुलं मोजायची ती दारात उभी राहून. यादीवरून नाही.

दर वर्षी एक ऑक्टोबरला शाळेत किती मुलं आहेत ते राज्याला कळवावं लागतं. बाकीच्या शाळांतल्या कारकून बाया बसल्या जागी बटण दाबतात, आकडा जातो. आर्लीन सकाळी पावणेआठला डूबेकच्या शाळेच्या दारात उभी राहायची आणि आत येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या नावापुढे खूण करायची. जे आलं नाही त्याच्या घरी फोन. फोन उचलला नाही तर गाडी काढून थेट शेतावर. मी त्या शाळेचा बॉयलर, नळ, छत आणि फरशी तेहतीस वर्षं सांभाळली. ती तिथल्या ऑफिसात सत्तावीस वर्षं होती. एकदाही तिने मोजणीला दांडी मारली नाही. एका वर्षी ताप होता, तर पायाशी शेगडी ठेवून मोजलं.

"अगं, यादीत बावीस आहेत ना? मग बावीस लिही की," मी एकदा म्हणालो.

"तू बॉयलरचं प्रेशर यादी बघून लिहितोस का, ड्वेन?"

"काटा बघून."

"मग गप बस."

हे तिला बापाकडून आलं होतं. तिचा बाप गावच्या धान्याच्या कोठारावर वजनकाट्यावर बसायचा. मक्याचा ट्रक काट्यावर आला की ड्रायव्हरने खाली उतरायचं, हा त्याचा नियम. ड्रायव्हरचं वजन मक्यात धरायचं नाही. बाहेर उणे वीस असो, वारा असो, तो खिडकी वाजवून ओरडायचा, "उतर खाली!" शेतकरी शिव्या घालायचे. पण डूबेकच्या काट्याबद्दल कधी कोणी भांडायला आलं नाही.

एका वर्षी अठ्ठावीस सप्टेंबरला एक कुटुंब गाव सोडून गेलं. तीन मुलं. तीन दिवस आणखी राहिली असती तर मोजणीत धरता आली असती. तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी सुचवून पाहिलं. आर्लीनने पेन त्यांच्या पुढे केलं आणि म्हणाली, "सही तुम्ही करा मग." त्यांनी केली नाही.

ती उंच, हाडकुळी. नवरा लिऑन. तो काउंटीच्या कच्च्या रस्त्यांवर माती सपाट करणारा ग्रेडर चालवायचा. तो जाऊन नऊ वर्षं झाली. गुरुवारी शाळेत घेवडा-खिम्याची चिली आणि दालचिनीचा गोड रोल असायचा. तेवढ्या दिवशी ती मुलांबरोबर जेवायची, रोल चिलीत बुडवून. इतर दिवशी टेबलाशी सफरचंद. बोलणं थोडं. काम मात्र असं की पुन्हा तपासावं लागत नसे. कामाच्या बाबतीत मी फार माणसांबद्दल असं म्हणत नाही.

आता परीक्षेच्या निकालाबद्दल सांगतो, कारण गोष्ट तिथूनच पुढे जाते.

तिसरीपासून पुढच्या मुलांची राज्य वसंतात परीक्षा घेतं. कोणत्या इयत्तेच्या मुलाला किती वाचता यावं, किती गणित यावं, याची पातळी राज्याने ठरवून दिली आहे. त्या पातळीला धरून प्रत्येक मुलावर तीनपैकी एक शिक्का बसतो: 'अजून घडतंय', 'रुळावर', नाहीतर 'पुढे'. मुलाचं पत्रक बंद पाकिटात घरी जातं. गावाला कळतो तो एकच आकडा, शंभरात किती मुलं रुळावर किंवा त्याच्या पुढे. तो नोव्हेंबरच्या शेवटी जाहीर होतो.

पहिल्या वर्षी हे शब्द आले तेव्हा आमच्यातला एमिल झाबका म्हणाला होता, "गावातले रूळ उखडून चाळीस वर्षं झाली, आणि पोरं रुळावर कशी येणार?"

पातळी ठरवण्यावर माझं काही म्हणणं नाही. फरशी सपाट असते किंवा नसते. लेव्हलची पट्टी ठेवली की काचेतला बुडबुडा सांगतो. पण ज्या खोलीची जमीन आधीच खचलेली होती तिथे फरशी बसवणाऱ्याने किती घाम गाळला, ते बुडबुडा सांगत नाही. ते बघायला माणूस तिथे असावा लागतो.

डूबेकच्या शाळेत सहावीपर्यंतचे वर्ग. लहान मुलांच्या एक बाई, आणि तिसरी ते सहावीच्या नायग्रेन बाई. आदल्या वर्षी आमचा आकडा होता बेचाळीस. लॅथमचा एकसष्ट. लॅथम आमच्याच शाळा-जिल्ह्यातलं मोठं गाव, एकोणीस मैलांवर. अधीक्षक तिथे बसतात, शाळा मंडळातले सहापैकी चार सभासद तिथले. डूबेकची शाळा बंद करून मुलं बसने लॅथमला न्यायची, ही चर्चा तीन वर्षं चालली होती. मुलं कमी, बॉयलर म्हातारा. म्हातारा होता हे खरं. पण चालत होता. जानेवारीत मत घ्यायचं ठरलं होतं.

त्या वर्षी नोव्हेंबरात निकाल आला. मी कोठाराच्या ऑफिसात कॉफीच्या टेबलाशी होतो. सकाळी सहा ते सात तिथे आम्ही सात-आठ म्हातारे बसतो. एमिल फोन नाकाशी धरून वाचत होता. तो एकोणऐंशीचा, जन्मभर शेती केलेला, आवाज मोठा.

"लॅथम, त्रेसष्ट," तो म्हणाला. "आणि डूबेक..." तो थांबला. चष्मा पुसला. "अरे, डूबेकला आकडाच नाही. तारा आहे!"

"दाखव."

फोन टेबलावरून फिरला. खरंच होतं. लॅथमपुढे ६३, आमच्यापुढे छोटा तारा.

आमच्या शाळेत चांगल्या वहीवर सोनेरी कागदाचा तारा चिकटवतात. आमच्या वेळच्या बाई चिकटवायच्या, नंतरच्या चिकटवायच्या, नायग्रेन बाईही चिकटवतात. एमिलच्या आईने त्याचे तारे डब्यात जपून ठेवले होते. गावात असं एकही माणूस नाही ज्याला तारा म्हणजे काय हे समजावून सांगावं लागेल.

"म्हणजे आकड्याच्या वर गेलो," एमिल म्हणाला.

"शंभराच्या वर?"

"शंभराच्या वर काय असतं? तारा असतो!"

"बेचाळीसवरून?" मी विचारलं.

"नायग्रेन बाईंनी वर्षभर काय हाल काढलेत ते बघितलंस ना तू? ख्रिसमसच्या सुट्टीतही वर्ग उघडा होता. चावी कोणी दिली? तूच दिलीस."

ते खरं होतं. चावी मीच दिली होती, वर्ग मीच तापवून ठेवला होता. बाईंची मेहनत मी डोळ्यांनी पाहिली होती, म्हणून मी तारा खरा धरला. पडद्यावर ताऱ्याखाली बारीक अक्षरात एक ओळ होती. आम्हा आठ जणांत ती वाचण्याजोगे डोळे कोणाचे नव्हते, आणि वाचावी असं वाटलंही नाही.

आठवड्यात पाटी झाली. आठ बाय चारचा प्लायवूड, एमिलच्या सुनेने रंगवलेला: पिवळा तारा आणि खाली 'डूबेक, ताऱ्याची शाळा'. हायवेच्या वळणावर मी ती लावली. जमीन वरून गोठायला लागली होती. चार फूट खोल दोन खड्डे मी सब्बलने पाडले. खांब ओळंब्यात, पाटी लेव्हलमध्ये, आठ बोल्ट. अर्धा दिवस गेला.

आर्लीनने गाडी थांबवली, खाली उतरली, आणि बराच वेळ पाटीकडे बघत राहिली.

"हे काय आहे, ड्वेन?"

"तुम्हा शाळेवाल्यांचं कौतुक. दुसरं काय?"

तिने पुन्हा पाटीकडे पाहिलं. "सरळ लागलीय," ती म्हणाली आणि गाडीत बसून गेली.

मी ती शाबासकी समजलो.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिने मला बोलावलं. निवृत्त झालो तरी किरकोळ कामाला मलाच बोलवत. ऑफिस तापवणारा रेडिएटर गरम होत नव्हता. मी खाली बसून त्यातली हवा काढत होतो तेव्हा टेसा ब्रँडल आली. लॅथमच्या वृद्धाश्रमात काम करते. मुलगी जोसी, तेव्हा चौथीत. टेसाने दार लावून घेतलं. मी टेबलाआड रेडिएटरपाशी होतो, तिला दिसलो नाही. मी खाकरलो.

"अगंबाई, ड्वेन. असू दे, तू बस." तिने हातातलं पाकीट टेबलावर ठेवलं. "आर्लीन, मला एक सांग. शाळेला तारा मिळाला ना?"

आर्लीनने पाकिटाकडे पाहिलं.

"मग आमच्या जोसीचं 'अजून घडतंय' कसं? सगळ्यांची पोरं ताऱ्यात, आणि माझीच तेवढी खाली? ती घरी म्हणते, आई, माझ्यामुळे तारा जाईल का. परवापासून पोट दुखतंय म्हणून शाळेत यायला तयार नाही."

"बाकीच्यांचं काय आहे ते मला सांगता येत नाही, टेसा."

"बाकीच्यांचं मला ठाऊकच आहे. पाटीवर लिहिलंय."

ती रडली नाही. पाकीट उचलून पर्समध्ये अगदी तळाशी ठेवलं आणि गेली.

रेडिएटर गरम झाला. मी उठलो. आर्लीनने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला, ती बारीक ओळ मोठी केली. लिहिलं होतं: दहापेक्षा कमी मुलं असल्यास निकाल दाखवला जात नाही.

"गेल्या वसंतात परीक्षेला नऊ मुलं होती," ती म्हणाली. "त्याआधी बारा. नवांचा आकडा छापला तर कोणाचं पोर खाली आहे ते गावाला दोन मिनिटांत कळेल. म्हणून राज्य झाकून ठेवतं. तारा म्हणजे झाकण आहे, ड्वेन. बक्षीस नाही."

मला पाटीचे आठ बोल्ट आठवले.

"मग झाकणाखाली काय आहे?"

"ते सांगता येत नाही."

"मला?"

"तुलासुद्धा."

तिने सांगितलं नाही. पण गेल्या चार दिवसांत मी त्या शाळेत येऊन जाऊन होतो, आणि आईबापांपैकी कोणीतरी आत गेलं की ऑफिसचं दार बंद होताना मी पाहिलं होतं. एकदा नाही. टेसा धरून पाचदा. प्रत्येक जण पाकीट घेऊन आला, प्रत्येकाने दार लावलं, प्रत्येकाला वाटत होतं की आपलंच पोर एकटं.

"सगळ्यांना खरं कधी सांगणार?" मी विचारलं.

"मी अधीक्षकांना फोन केला होता." गर्डेस साहेब जूनमध्ये निवृत्त होणार होते. "ते म्हणाले, ताऱ्याखाली बारीक अक्षरात स्पष्ट लिहिलेलं आहे, आर्लीन. न वाचणं हा लोकांचा हक्क आहे."

"त्यांना शेवटच्या वर्षात भांडण नको."

"मंडळाचे लोकही ताऱ्याला भुललेत. लॅथमच्या दोघांनी एमिलला सांगितलंय, ताऱ्याची शाळा बंद करायला हात वर होत नाही म्हणून."

म्हणजे शाळा वाचत होती. आमच्या दोन सभासदांची मतं, अधिक ते दोन. चार. मी मनात हिशेब केला आणि बोलायला नको होतं ते बोललो.

"मग जानेवारीपर्यंत गप्प राहा. मतदान होऊ दे. टेसाला हळूच काहीतरी सांग. शाळा गेली तर तुझी खुर्चीही जाईल. एकसष्टाव्या वर्षी तुला कोण कामाला घेणार?"

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या बापाची नजर होती ती, खिडकीतली.

"ड्रायव्हर ट्रकमध्येच बसलाय, ड्वेन," ती म्हणाली. "आणि वजन त्या पोरीच्या पाठीवर पडतंय."

मी स्पॅनर उचलला आणि गेलो.

तिने लगेच सांगितलं नाही. हे मी लपवणार नाही, कारण तिने स्वतः कधी लपवलं नाही. डिसेंबरभर ती गप्प राहिली. चर्चच्या तळघरात जेवणाला लोक तिच्या पाठीवर थाप मारायचे आणि ती खाली बघायची. जर्दाळूचे कोलाचे, मुरांबा भरलेले गोड पाव, ती दर नाताळला सगळ्या शेजाऱ्यांना वाटते. त्या वर्षीही वाटले, पण दारात ठेवून गेली, आत आली नाही. सत्तावीस वर्षांत खरं सांगायचं हे एवढं एकच काम तिने उशिरा केलं.

जानेवारीतल्या दुसऱ्या सोमवारी, संध्याकाळी साडेसहाला, आमच्या शाळेच्या जिममध्ये, खेळाच्या मोठ्या हॉलात, मंडळाची सभा भरली. खुर्च्या मी मांडल्या. चौऱ्याऐंशी. त्याही पुरल्या नाहीत. समोर टेबलाशी सहा सभासद, मध्ये अध्यक्ष पॉला रायन्के, लॅथमच्या. बाजूला गर्डेस साहेब. बोलणाऱ्याला तीन मिनिटं.

एमिल पहिला उभा राहिला. टाय बांधला होता.

"मी या शाळेत शिकलो, माझी चार पोरं शिकली," तो म्हणाला. "लॅथम मोठं आहे, लॅथमला फुटबॉलचं मैदान आहे, दिवे आहेत. पण तारा कोणाला? तुमच्या पोरांना आमच्याकडे पाठवा, बसने! आम्ही सांभाळू!"

जिम दणाणली. लॅथमचेही हसले. पॉलाबाई म्हणाल्या, "एमिल, तीन मिनिटं झाली."

"माझं घड्याळ डूबेकचं आहे, पॉला. ते हळू चालतं."

आणखी चार-पाच जण बोलले. सगळ्यांचा रोख ताऱ्यावर. मग पॉलाबाईंनी विचारलं, अजून कोणी? आर्लीन उठली. तिला सभेत बोलताना कोणी पाहिलं नव्हतं. माईक तिच्या उंचीला कमी पडत होता. तिने तो वर केला नाही, स्वतः वाकली.

"मी आर्लीन वोडिच्का. मुलांची मोजणी मी करते, म्हणून हे मी सांगायला हवं. निकालात जो तारा आहे, तो बक्षिसाचा नाही. परीक्षेला दहापेक्षा कमी मुलं असली की राज्य आकडा झाकतं आणि तिथे तारा ठेवतं. आपली नऊ होती. तारा म्हणजे एवढंच. चांगलं नाही, वाईट नाही. झाकलेलं. हे मला नोव्हेंबरपासून माहीत होतं. मी आधी बोलले नाही, ही माझी चूक."

खालच्या बॉयलरचा आवाज ऐकू आला.

"म्हणजे आपला तारा..." एमिल उठून उभा राहत म्हणाला.

"झाकण आहे, एमिल."

"मग खाली काय आहे ते सांग ना!"

"सांगता येत नाही. कायदा आहे."

"चांगलं आहे की वाईट, एवढं तरी?"

"तेही नाही."

"अगं, पण मग तुझा उपयोग काय!" मागून कोणीतरी ओरडलं. काही जण हसले. ते चांगलं हसू नव्हतं. एमिल खाली बसला. टाय सैल केला. तो एवढा म्हातारा मला आधी कधी दिसला नव्हता.

आर्लीन माईकपाशीच उभी होती. "आणखी एक," ती म्हणाली. "माझ्या तोंडाला कायदा आहे. ज्याच्या घरी पाकीट आलं त्याच्या तोंडाला नाही. तो त्याचा प्रश्न. एवढंच."

ती जागेवर जाऊन बसली. कोणी तिच्या शेजारी सरकलं नाही. मी उभा होतो, भिंतीशी. मीही गेलो नाही. ते मला अजून बोचतं.

मग टेसा उठली. वृद्धाश्रमाचा निळा अंगरखा तसाच होता, कामावरून थेट आली होती. माईकपर्यंत गेलीच नाही, जागेवरूनच बोलली.

"आमच्या जोसीचं 'अजून घडतंय' आलं. मला वाटलं गावात ती एकटीच. तोंड लपवत फिरले महिनाभर." ती थांबली. "दोन वर्षांपूर्वी अक्षरं पाहिली की तिच्या पोटात कळ यायची. नायग्रेन बाई सुट्टीत तिला घेऊन बसल्या. आता ती कोंबड्यांच्या खाद्याच्या पोत्यावरचं मोठ्याने वाचते. सगळं. खाली बारीक अक्षरात लिहिलेलंही." ती आमच्या कॉफीच्या टेबलवाल्यांकडे बघून म्हणाली, "तुमच्यापेक्षा बरं वाचते. पत्रकावर लिहिलंय घडतंय. बरोबर आहे ते. घडतंयच."

रॉडनी हायेक उठला, जुळ्यांचा बाप. "आमच्यात एक रुळावर, एक घडतंय. कोण कुठला ते सांगणार नाही, घरी मारामारी होईल."

"आम्हाला माहीत आहे कोण!" एक जण म्हणाला.

"तुला काय माहीत! तुला अजून त्यांच्यात कोण कुठला ते ओळखता येत नाही."

रोझौरा मेदिना उठली. दूधगाईंच्या गोठ्यावर काम करते, नवरा-बायको दोघं. "माझा मुलगा, घडतंय," ती म्हणाली. "इंग्रजीत त्याचं तिसरं वर्ष. माझं पण." ती बसली.

योस्टन आजोबांनी नातीचं सांगितलं, 'पुढे', तेही खाली बघत, जणू माफी मागत असावेत. आणखी एकाने सांगितलं. घडतंय. मग एक बाई उठली, "आमचं आम्ही बघू," म्हणाली आणि बाहेर निघून गेली. दोघं गप्पच बसले. तो त्यांचा हक्क होता. नवातली सहा कळली. सहावरून बाकीचा अंदाज कोणालाही करता आला असता. मोठ्याने कोणी केला नाही.

नायग्रेन बाई दुसऱ्या रांगेत होत्या. पूर्ण वेळ मान वर करून बसल्या. फक्त टेसा बोलत असताना त्यांनी चष्मा काढला.

मत घेतलं. बंद करण्याच्या बाजूने चार हात, विरुद्ध दोन. ज्या दोघांच्या हाताची आम्हाला आशा होती ते टेबलाकडे बघत होते.

त्यानंतर पॉलाबाईंनी एक ठराव स्वतः मांडला, कागदावर नव्हता तो. डूबेकची मुलं लॅथमला येतील तेव्हा नायग्रेन बाईही त्यांच्याबरोबर येतील, आणि जी मुलं अजून घडतायत त्यांना रोज एक तास बाईंकडेच. सहाही हात वर गेले. आर्लीनचं नाव कोणत्याही ठरावात नव्हतं. लॅथमला दोन कारकून आधीच आहेत.

त्यानंतर गाव तिच्याशी कसं वागलं ते लिहितो, कारण आम्ही बरे वागलो नाही. कॉफीच्या टेबलाशी तिचं नाव निघालं की एमिल उठून जायचा. कोणी म्हणालं, तिने त्या रात्रीपुरतं तोंड बंद ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं. मी म्हणालो, पोरीचं पोट दुखलं असतं. तेवढंच म्हणालो. जास्त म्हणायला हवं होतं.

टेसाची जोसी दुसऱ्या दिवसापासून शाळेत येऊ लागली. एवढं मी स्वतः पाहिलं. त्या सकाळी आर्लीनही दारात उभी होती. एक ऑक्टोबर नव्हता. तरी उभी होती.

मे अखेरीस शाळा बंद झाली. मी बॉयलर विझवला, पाण्याचा मुख्य नळ बंद केला, पाइप रिकामे केले. आर्लीनने सत्तावीस वर्षांच्या नोंदी खोक्यात भरल्या, प्रत्येक खोक्यावर वर्ष लिहिलं. एकही खोकं अर्धवट नव्हतं. निघताना तिने दाराच्या चौकटीला हात लावला, जिथे टेकून ती मोजायची. तिथला रंग गेला होता. मी तो कितीदा दिला होता, दर वेळी गेला.

कोठाराच्या वजनकाट्यावरचा माणूस जूनमध्ये सोडून गेला. ती जागा आर्लीनला मिळाली. ती आता बापाच्या खिडकीत बसते. एमिल पहिल्या गव्हाचा ट्रक घेऊन आला तेव्हा मी तिथेच होतो. जानेवारीपासून तो तिच्याशी बोलला नव्हता. ट्रक काट्यावर घेतला आणि बसून राहिला, इंजिन चालू. तिने काच वाजवली.

"उतर खाली, एमिल."

"गुडघा दुखतोय."

"गव्हात नको तुझा गुडघा. उतर."

तो उतरला. पायरीवर बसला, तिने कागद दिला. कागद बघून म्हणाला, "बाई, बापापेक्षा वाईट आहेस." ती म्हणाली, "थोडी." त्यानंतर ते बोलायला लागले.

पाटी काढायची राहिली होती. कोणी काढ म्हणत नव्हतं, कोणी राहू दे म्हणत नव्हतं. जुलैत मी एकटा गेलो आणि आठ बोल्ट काढले. प्लायवूड चांगला होता, फेकवेना. हायवेच्या त्याच वळणावर ऑगस्टपासून लॅथमची बस थांबणार होती. तेच खांब मी कापून पाय केले, पाटी लांबीत चिरून बाक केला. दोन फळ्या, मागे टेकायला एक. तारा खालच्या बाजूला गेला. अगदी खाली वाकून पाहिलं तर दिसतो.

ऑगस्टमध्ये शाळा सुरू झाली त्या सकाळी मी बघायला गेलो. आर्लीन तिथे आधीच आली होती. कोठाराचा काटा सातला सुरू होतो, तिच्याकडे दहा मिनिटं होती. या थांब्यावरची मुलं बाकावर बसली होती, जोसी एका टोकाला, मांडीवर पुस्तक.

"किती?" मी विचारलं.

"सात. हायेकचे दोघं यायचेत." तिच्या हातात कागद नव्हता. ती बोटांवर मोजत होती.

जुळे पळत आले. बस आली. मुलं चढली. आर्लीनने प्रत्येक डोकं पुन्हा मोजलं, बस वळेपर्यंत. मग ती बाकाच्या मध्यावर बसली, दोन्ही हात फळीवर टेकवून. 

"ड्वेन, हा डावीकडे कललाय."

"शक्य नाही."

"लेव्हल आहे का गाडीत?"

होती. आणली. फळीवर ठेवली. बुडबुडा उजव्या रेषेला टेकला होता. डावा पाय पाव इंच खचला होता. त्या बाजूचा खड्डा मी जुनाच वापरला होता, तळ ठोकून घ्यायचा कंटाळा केला होता. कोणी बघणार नाही असं वाटलं होतं.

तिने घड्याळ बघितलं आणि कोठाराकडे निघून गेली. मी गाडीतून फावडं काढलं.